कॅसेटवर फक्त ‘जर्मन’ लिहिलं होतं

मी जर्मन शिकवते. आज माझ्या क्लासमध्ये जे झालं ते कुणाला तरी सांगायचंय, म्हणून इथे लिहितेय.

बॅचमधल्या देवधर काकू सत्तरीच्या आहेत. बाकीची मुलं जर्मनीला जायचं म्हणून शिकतात. काकू का शिकतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आज क्लास सुटल्यावर त्यांनी पिशवीतून जुना टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट काढली. कॅसेटवर पेनने फक्त ‘जर्मन’ लिहिलेलं.

“निखिलची आहे,” म्हणाल्या. निखिल त्यांचा मुलगा. गेल्या वर्षी वारला.

“जर्मन थ्रॅश मेटल, म्हणजे ते कर्कश रॉक, त्यातला मैलाचा दगड आहे म्हणायचा हा अल्बम. कॉलेजात असताना दिवसभर हेच. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, बंद कर ते जर्मन. आता वाटतं, काय होतं त्यात ते एकदा तरी कळावं. पण अजून एक शब्द कळत नाही हो मॅडम. माझाच अभ्यास कमी पडतोय.”

मी ऐकलं. ड्रम, गिटार आणि नुसता आरडाओरडा. दुसऱ्या गाण्यात कुठे मला शब्द कळायला लागले.

“काकू, बँड जर्मन असेल. पण गाणी इंग्रजीत आहेत.”

त्यांनी टेप बंद केला. कॅसेट बाहेर काढून तिच्यावरचं निखिलचं अक्षर बघितलं.

“इंग्रजीच शिकवलं मी शाळेत. जन्मभर.”

मग पिशवी उचलून विश्रांतवाडीच्या बसला गेल्या.

गाणी जर्मनच आहेत म्हणून मी काहीही अर्थ रचून सांगितला असता, तरी त्यांनी विश्वास ठेवला असता. तुम्ही काय केलं असतं?