अडीच फुटांचा जीवराम

अमळनेरच्या जीवराम वायरमनला कुणी रस्त्याकडेला खणताना दिसलं, की त्याची मोटारसायकल आपोआप थांबायची. ओळख असो नसो, काठावर उकिडवा बसून तो विचारायचा, कितला खोल? जमिनीखालून केबल न्यायची तर चर अडीच फूट हवा, तळाला चाळलेली वाळू, वाळूत केबल, वर परत वाळू, मग विटा आणि शेवटी माती. हे त्याने मजुरांना सांगितलं, ठेकेदारांना सांगितलं, केळीच्या बागेत मोटारीला केबल नेणाऱ्यांना सांगितलं. सगळे माना डोलवायचे आणि त्याची पाठ वळली की वीतभर उकरून केबल गाडायचे. धाकट्या लेकीसाठी, दिपमालासाठी, धुळ्याला स्थळ बघायला गेला, तिथेही चहा येण्याआधी व्याह्यांच्या अंगणात जाऊन हाच प्रश्न. तरीही सोयरीक जुळली, हे पोरीचं नशीब.

स्वतःच्या घरची खरी गोष्ट मात्र तो कुणाजवळ बोलत नव्हता. फाटकाजवळच्या मीटरपासून घरापर्यंत अंगणाखालून केबल टाकायची ठरली आणि नेमका तेव्हाच तो चाळीसगावला कामात अडकला. बायकोने, सुंदरबाईने, मजूर लावले, चर खणवला, केबल टाकवून बुजवला आणि वर सारवूनही घेतलं. आल्या आल्या त्याने खोली विचारली. पुरेशी शे, एवढंच ती म्हणाली. त्याने कुदळ उचलली तेव्हा तिने बजावलं, अंगण उकरलं तर उद्यापासून स्वयंपाकाला तुम्हीच बसा. कुदळ जागेवर गेली. गल्लीत मात्र तो छातीठोकपणे सांगत राहिला, आमची केबल अडीच फूट.

आता दिपमालाचं लग्न आलं. मांडवाच्या पहिल्या खांबासाठी जीवरामच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, जागा दाखवली ती बरोबर केबलच्या डोक्यावर. खांब दोन हात खोल गेला पाहिजे म्हणाल्या आणि जागेची पूजा करायला बसल्या. पाचोऱ्याहून आलेला मोठा जावई प्रेमराज पहार घेऊन उभाच होता. केबल खरंच अडीच फुटांवर असली तर पहार आधी विटांवर अडेल; पण वीतभरच खाली असली तर थेट तिच्यात घुसणार, आणि पहार जावयाच्या हातात.

खरं सांगावं तर भाऊबंदांसमोर इतक्या दिवसांची फुशारकी मातीत जाणार. म्हणून तो गुपचूप फाटकाशी गेला आणि मेन स्विच पाडला. घरातला मिक्सर बंद पडला. सुंदरबाई तणतणत बाहेर आली, स्विच वर केला आणि पुन्हा मसाल्याकडे गेली. त्याने परत पाडला, तिने परत लावला आणि या वेळी तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिकडे पूजा आटोपली आणि प्रेमराजने पहार उचलली.

"थांबा," जीवराम म्हणाला. "खाले केबल शे. कितली खोल शे, माले माहीत नही."

गल्लीतला उखर्डू, ज्याने अडीच फुटांचं भाषण सर्वांत जास्त सोसलं होतं, पोट धरून हसला. सुंदरबाईने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, स्विच स्वतःच्या हाताने पाडला आणि जावयाला खणायला सांगितलं, "खंदा पाव्हना."

वीतभर गेलं, माती. हातभर गेलं, तरी माती. आणखी थोडं गेल्यावर पहार ठणकन वाजली. जीवराम पालथा पडून हाताने माती उकरू लागला. विटा होत्या, एकीला एक चिकटून, मध्ये बोट शिरेल एवढीही फट नाही. एक बाजूला केली तर खाली वाळू, तीही चाळलेली. त्याच्या डोळ्यांदेखत झालेल्या कामांतसुद्धा मजूर मधलीच एखादी वीट गाळायचे.

"माले का नही सांगं?" त्याने विचारलं.

"लगीन व्हयनं तवयपाईन रोज जेवताना हाईच ऐकस मी," सुंदरबाई म्हणाली. "तरी मन्हावर भरोसा व्हता का तुमना?"

आपलं जन्मभराचं बोलणं वाऱ्यावर गेलं, असं जीवराम धरून चालला होता. ऐकणारी तर लग्नापासून रोज समोर बसून ताट वाढत होती. त्याला रडू आलं आणि ते चारचौघांत आलं. खांब हातभर बाजूला घ्यायला अक्का तयार झाल्या, प्रेमराज विटा जागेवर बसवू लागला, आणि जीवराम बायकोला हळूच म्हणाला, "मन्ही चूक व्हयनी."

लग्न झाल्यापासून हे वाक्य सुंदरबाईने कधी ऐकलं नव्हतं. म्हणून तिने ते त्याला मांडवाच्या मधोमध उभं करून पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणायला लावलं.