घासलेली पावलं

शुद्धलेखन चुकेल, अक्षर तर त्याहून वाईट, सांभाळून घ्या. चौथी शिकलेली बाई तीन वर्षं छापखान्यात होती, हे कुणाला खरं वाटत नाही. महिन्यापूर्वी वहिनींचा फोन आला, आमचे मालक वासुदेवभाऊ गेले. मी भाजी चिरत होते. आधी आठवलं ते भाऊंचं ओरडणं... आणि मला हसू आलं. मग रडू.

भाऊंचा महाल वस्तीत छोटा छापखाना होता. शिशाचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, जुळवून लग्नपत्रिका छापायच्या आणि मग खिळे धुऊन आपापल्या खान्यात टाकायचे. ते काम माझं. पहिल्याच आठवड्यात नवे इंग्रजी खिळे आले. प्रत्येक अक्षराच्या टोकाला बारीक आडव्या रेघा, जशी पावलंच निघालेली. वाटलं, ओतताना शिसं सांडलं असेल. विचारायची लाज वाटली. कानस घेतली आणि दुपारभर बसून मोठ्या अक्षरांची सगळी पावलं घासून टाकली. मग शाबासकीच्या आशेने खिळे भाऊंपुढे नेले.

"काहून घासले वं, मंगला?"

"घाण होती, भाऊ."

"घाण! रोमच्या लोकांनी दगडात छिन्नीनं अक्षरं कोरली, तवाची पावलं हायेत ती! मंग फ्रान्सच्या कारागिरानं पोलादात उतरवली. दोन हजार वर्षं टिकली, अन् तुले एक दुपार पुरली!"

मी रडत म्हटलं, पैसे भरते. वाटलं, राहू दे म्हणतील.

"भरशीलच. सोडलं तर उद्या मराठीची शिरोरेघ घासशील!"

दर पगारातून वीस रुपये कापत. त्याच दिवशी हातावर खिळा ठेवून विचारत, पाऊल जाड की बारीक? बरोबर सांगितलं की आलूबोंडे मागवत. त्या बोंड्यांचे पैसे बहुतेक विसाच्या वरच जात...

ऑफसेट आलं, छापखाना बंद झाला, तेव्हा एकशेचाळीस राहिले होते. घरी नेऊन दिले तर भाऊ म्हणत, "पगार नाही, तर कापू कशातून?" ते फिटल्याशिवाय मी छापखान्यातली, असं सांगायला माझी जीभ उचलत नसे.

परवा दीडशे घेऊन शहराबाहेर बेसाला वहिनींकडे गेले.

"यायनं नाही घेतले, मी काहून घेऊ वं?"

मी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. "चूक माझी हाय वहिनी, मीच भरीन."

वहिनी उठल्या. चष्मा आणला. दोनच नोटा होत्या, त्या दोनदा मोजल्या, आणि दहा रुपये माझ्या हातावर ठेवले.

"एकशेचाळीसच होते. मले सांगून गेले ते."

सगळे फिटले.