सदतिसावा खिळा

डल्सीच्या आईने काळा झगा कधीच घातला नाही, हे आधी सांगून ठेवते. आमच्या सोन्याच्या मुलखात नवरा खाणीत मेला की बाई वर्षभर काळ्यात असायची. डल्सीची आई विनी ट्रेगियर मात्र निळ्या फुलांच्या झग्यात कपडे वाळत घालायची. माझी आई तिला तोंडावर म्हणाली होती, "विनी, नवरा खाली राहिला म्हणतेस ना? मग लोकांसाठी तरी घाल." विनी म्हणाली, "मला काळं शोभत नाही."

लेडी ऑगस्टा खाणीत पाणी घुसलं तेव्हा आम्ही सगळे टिंकर्स फ्लॅटच्या माळावर तंबूंत राहत होतो. डल्सी रांगत होती. मी शाळेत जायच्या वयाची होते, जात मात्र नव्हते. खाणीच्या तोंडाशी खिळ्यांची एक फळी होती. प्रत्येक गड्याचा एक खिळा, त्यावर त्याच्या नंबराचा पितळी बिल्ला. खाली जाताना बिल्ला काढून खिशात टाकायचा, वर आलं की पुन्हा अडकवायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून खाली. त्या दिवशी चार खिळे रिकामे होते. तिघांची प्रेतं सापडली, त्यांच्या खिशातले बिल्ले परत फळीवर गेले. सदतिसावा खिळा तसाच राहिला. तो डल्सीच्या बापाचा, जेबेझचा.

लाकडांच्या गाडीवाल्याने सांगितलं, जेबेझला मी रेल्वेच्या वाटेवर चालत जाताना पाहिलं. झालं! गावाने त्याला पळपुटा ठरवलं आणि स्मारकाच्या दगडावर तीनच नावं कोरली. विनी मरेपर्यंत एकच बोलत राहिली, "तो खाली आहे." दर वसंतात ती डल्सीला खाणीच्या तोंडाशी न्यायची. फुलं डल्सी टाकायची. विनी मागे उभी.

डल्सीने हॉटेलच्या स्वयंपाकघरात जन्म काढला. एकाने मागणी घातली होती. ती म्हणाली, आधी माझ्या बापाचं काय झालं ते कळू दे. तो काही थांबला नाही. मग म्हातारपणी तिने ते धातू शोधायचं मशिन घेतलं आणि टिंकर्स फ्लॅटवर फिरायला लागली. कानाला आवाज ऐकायची डबडी, तोंडावर माश्यांची जाळी. तंबू कधीच गेलेत, उरल्यात चुलींचे दगड आणि डबे. मी सोबतीला, म्हणजे चहाला.

"बिल्ला वर कुठेच नाही असं दिसलं, की तो खाली आहे," ती म्हणायची.

"अगं, नाही ते कसं सापडणार?"

"तू चहा ओत."

तिला बकलं सापडायची, गणवेशाची बटणं, एकदा चिनी माणसाची नाणी. सगळं गावच्या हॉलमधल्या कपाटात ठेवायला द्यायची. खड्डा बुजवल्याशिवाय पुढे पाऊल टाकायची नाही. आणि लोखंड खणायची नाही. पितळ स्वच्छ वाजतं, लोखंड खरखरतं. जुन्या चुलींपाशी तर नुसती खरखर, खिळ्यांची नि डब्यांची. म्हणून चुली ती सोडूनच द्यायची. सगळेच सोडतात.

यंदा गावाने नवा दगड करायचं ठरवलं. कमिटीचा लिंडसे पास्को तिच्या दारात आला. "डल्सी, एवढ्या वर्षांनी कोण विरोध करणार? जेबेझचं नाव घालतो."

घरात केक कापावा अशी बातमी. आणि ही म्हणते, "कोरणारा कधी येतोय?"

"सोमवारी."

"मग रविवारपर्यंत थांब. दगडात खोटं नको."

रविवारी ती लोखंडही खणत होती. मी ट्रेगियरांच्या जुन्या चुलीच्या दगडावर टेकले, थर्मास उघडला. ती जवळ आली, थांबली.

"मर्ल, ऊठ. तुझ्या बुडाखाली वाजतंय."

"माझी हाडं असतील."

"ऊठ गं!"

दगड आम्ही दोघींनी मिळून कलंडवला. खाली तंबाखूची डबी, गंजून एकजीव झालेली. तिने कुदळीच्या टोकाने उघडली. आत चिंधीत पितळ. थुंकी लावून अंगठ्याने घासलं. सदतीस.

चिंधी हातात धरून ती बघत राहिली. गंजाने तांबडी झाली होती, तरी कडेला निळं फूल दिसत होतं.

"तो घरी आला होता," डल्सी म्हणाली. "आला, बिल्ला दिला आणि गेला. आईला ठाऊक होतं. म्हणून काळं नाही घातलं."

"कशावरून?" मी म्हटलं. माझी शंका मलाच पटत नव्हती.

"मला फुलं टाकायला लावायची, मर्ल. रिकाम्या खाणीत."

मी म्हटलं, "ठेव परत. माती लोट. मी कुणाला सांगत नाही, आणि मी सांगत नाही म्हणजे गावात कुणालाच कळत नाही."

ती हसली नाही. खड्डा मात्र बुजवला, नेहमीसारखा पायाने दाबून. बिल्ला मुठीत होता.

खिळ्यांची ती फळी आता हॉलमध्ये भिंतीवर आहे. सोमवारी कमिटी बसली होती, कोरणारा बाहेर सिगरेट ओढत होता. डल्सी सरळ आत गेली आणि सदतिसाव्या खिळ्यावर बिल्ला अडकवला. टिक असा आवाज झाला.

लिंडसे हळूच म्हणाला, "आम्ही पाहिलंच नाही असं समजू. नाव घालतो."

"माणूस वर आला की बिल्ला लागतो," डल्सी म्हणाली. "तीन नावं पुरेत."

नवा दगड बसला. सोहळ्याला डल्सी मागच्या रांगेत होती. विनीबद्दल ती बोलत नाही, मीही विचारत नाही. मशिन माझ्या दाराआड उभं आहे, घेऊन जा म्हटलं तर "राहू दे" म्हणते.

फुलं मात्र तिने यंदाही तोडली, सवयीने. कुठे न्यायची ते ठरेना. खाणीवर न्यायची नव्हती आणि आईच्या थडग्याशी ठेवायला हात उचलवेना. माझ्या खिडकीत बरणीत ठेवून गेली. आमच्याकडची ही रानफुलं, पाकळ्या कागदासारख्या, लवकर सुकतही नाहीत. येता जाता माझंच लक्ष जातं.