जपलेली बारव

देऊळ पाहून आलो की त्यावर लिहायचं, ही माझी जुनी खोड. ती वेळीच मोडली नाही याचा राग मला आजही येतो.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच. नांदेडहून एसटीने मी निलंग्याकडच्या एका गावात उतरलो. तिथलं महादेवाचं देऊळ हेमाडपंती, काळ्या दगडाचं, समोर पायऱ्यापायऱ्यांची खोल बारव. त्या दिवशी आठवडी बाजार होता. देवळाच्या ओट्यापर्यंत मिरच्यांचे ढीग लागले होते आणि ठसक्याने सगळा बाजार खोकत होता. खांबांवरची नक्षी बघता बघता माझाही घसा धरला. मिरच्या विकणाऱ्या एका म्हातारीने स्वतःचा तांब्या पुढे केला. खांद्यावरची शबनम पिशवी पाहून तिने मला मास्तर ठरवून टाकलं होतं, आणि मी होतोही मास्तरच.

"प्या गुरुजी. बारवेचं हाय. इहिरी आटल्या, ही न्हाई आटली. सारं गाव हिच्यावर जगून राहिलंय."

नांदेडच्या एका साप्ताहिकात मी लेख लिहिला. शेवटी ठोकून दिलं, 'ही बारव प्राणापलीकडे जपली पाहिजे.' लोकांनी वाहवा केली. मी फुगलो.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. बाजार तसाच गजबजलेला. बारवेला मात्र लोखंडी दार, दाराला कुलूप आणि वर पाटी. पाटीवर माझंच वाक्य, खाली माझं नाव, तेही चुकीचं लिहिलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देऊळ कमिटीच्या अध्यक्षांना त्यांच्या कापडाच्या दुकानात गाठलं आणि माझं नाव सांगून जाब विचारला.

"अहो, तुमच्याच शब्दाखातर केलं," ते उठून उभे राहत म्हणाले. "जिल्हा झाला, आता मोठी माणसं देऊळ बघायला येतील. बाया घागरी आपटून पायऱ्या फोडून राहिल्या होत्या."

"जपा म्हणजे कुलूप लावा नव्हे! गावानं प्यायचं काय?"

"टँकर येतो की, चार दिसाला."

"मी याच्याविरुद्ध लिहीन!" मी ओरडलो.

"लिवा की गुरुजी. तेबी पाटीवर लावू."

चेष्टा केली असती तर परवडलं असतं. तो माणूस मनापासून बोलत होता आणि माझ्यासाठी चहा मागवत होता. मी चहा न घेताच तिथून निघालो.

म्हातारी त्याच जागी बसली होती. तिने मला लगेच ओळखलं. मान खाली घालून मी पुढे सटकणार, तोच तिने हाक मारली. तांब्याच्या तळाशी टँकरचं गढूळ पाणी होतं, तेच तिने माझ्यापुढे धरलं.

"प्या," ती म्हणाली. "पर ह्याच्यावर काई लिवू नका."