छातीवरच्या रेघा

पोरांनो, तुम्ही फोनवर विचारलं होतंत, आजोबांना रोज किरण देतात तर त्यांच्या शेजारी बसलेलं चालतं का? मी "चालतं" एवढंच म्हणाले, कारण आजोबा समोर होते. आता नीट सांगते.

हे किरण बाहेरून येतात आणि यंत्र बंद झालं की संपतात. माणसात राहत नाहीत. आजोबांच्या अन्ननलिकेत गाठ होती; पेजसुद्धा अडकायची. गाठ आकसावी म्हणून दहा वेळा किरण द्यायचे ठरले, रोज थोडे. सगळे एकदम दिले तर आसपासचं चांगलं शरीर होरपळतं. रोज थोडे दिले की त्याला मधल्या वेळात सावरता येतं. गाठीला तेवढं जमत नाही. देताना दुखत नाही. आजोबा टेबलावर निजायचे, आम्ही बाहेर, जाड दार बंद, आणि यंत्र त्यांच्याभोवती फिरायचं.

पहिल्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदाच 'घोरताय, कुशीवर वळा' असं कुणी म्हणालं नाही."

किरण रोज त्याच जागी पडावेत म्हणून छातीवर शाईच्या रेघा काढल्या होत्या. तिथे साबण नाही, तेल नाही, असं मला बजावलं होतं. मी ते कागदावर लिहून फ्रिजवर लावलंही होतं.

सहा वेळा किरण देऊन झाले आणि दिवाळी आली. नरकचतुर्दशीला हॉस्पिटलातला किरणांचा विभाग बंद होता. पहाटे आजोबा स्वतःच पाटावर येऊन बसले.

"तेल लाव."

"अहो, नको सांगितलंय."

"छातीला नको. पाठीला लाव. उटणं आणलंयस ना पंचवटीतून? मग ते काय डब्यात ठेवायला?"

मी पाठीला लावलं, हातांना लावलं. फार जपून. पण गरम पाणी खांद्यावरून ओतलं आणि तेल वाहत छातीवर आलं. अंग पुसताना पाहिलं तर दोन रेघा टॉवेलवर.

तेव्हाच फोन करायला हवा होता. मी फूटपट्टी आणली आणि ज्या मार्करने डब्यांवर नावं लिहिते, त्याने रेघा पुन्हा ओढल्या. आयुष्यभर शिस्तीने वागलेल्या बाईला चूक कबूल करायची सवय नसते.

पुढच्या वेळी तिथल्या तंत्रज्ञ मुलीने मला आत बोलावलं. "आजी, या रेघा तुम्ही काढल्यात ना? आमच्या इतक्या सरळ नसतात."

रेघ अर्धं बोट सरकली होती. त्या दिवशी किरण दिले नाहीत, पुन्हा स्कॅन करून मापं घेतली. डॉक्टर म्हणाले, एका दिवसाने फरक पडत नाही. मला ते पटेना. घरी येऊन मी आजोबांपुढे रडले, म्हणाले, तुमच्या बरं होण्यात मी खोडा घातला.

त्यांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाले, "तुझ्या सगळ्या फायली खालच्या कप्प्यात असतात, लेबल लावून. माझी तेवढी साड्यांखाली का आहे?"

त्या फाईलवर इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की हे उपचार फक्त घास उतरावा, त्रास कमी व्हावा यासाठी आहेत. गाठ जाणार नव्हती. मी ते वाचलं होतं, कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि लपवता लपवता मीच विसरायला लागले होते.

"तुम्ही वाचलीत?"

"वाचायची गरजच नाही पडली. तुझ्या घरात वस्तू जागेवर नसली म्हणजे काय समजायचं ते समजलो. म्हणून तर म्हटलं, या वर्षी तेल लाव."

उरलेले किरण दिले. काही आठवड्यांनी घास उतरू लागला. त्यांनी मऊ भात खाल्ला, संक्रांतीला गुळाच्या पोळीचा दुधात कुस्करलेला तुकडा. मग तेही थांबलं.

शेवटची आंघोळ घालताना छातीवर त्या जागी कातडीचा एक चौकोन थोडा काळवंडलेला दिसला. मी तिथे तेल लावलं. कुणी नको म्हणालं नाही.