तिच्या जागी मी गेलो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायचं म्हटलं की नेमकं काहीतरी काम आठवतं. आत्ता लिहायला बसलो तरी दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो. तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालतो. मध्येच थांबलो तर थोडं सांभाळून घ्या.

कामतघरला माझ्या चुलत्यांचा गाळा आहे. खाली कापडाचे लूम, वर आमचं युनिट – इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडायचं. मी टेस्टिंगला. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संशोधन संस्थेचं काम आमच्याकडे आलं. परदेशात जमिनीखाली एक अवाढव्य यंत्र आहे, त्यात कण एकमेकांवर आदळतात, सेकंदाला कोट्यवधी वेळा. सगळं साठवणं शक्य नाही. कुठली टक्कर ठेवायची, कुठली सोडून द्यायची, हे पापणी लवायच्या कितीतरी आधी ठरवणारे बोर्ड तिथे असतात. यंत्राचा जोर वाढवणार होते, जुने बोर्ड पुरे पडणार नव्हते. नव्यांपैकी थोडे आम्ही जोडत होतो.

या बोर्डांत माहिती प्रकाशातून धावते, केसाएवढ्या काचेच्या तारांमधून. कनेक्टरच्या टोकावर कापसाचा एक तंतू बसला तरी प्रकाश अडतो. आणि आमच्या पायाखाली लूम. हवेत कायम तूस, कापसाचे बारीक तंतू – चहावर, भुवयांवर, डब्याच्या झाकणावर. म्हणून काचेची बंद खोली, आत एसी, आणि एकच नियम: कनेक्टरची टोपी काढली की मायक्रोस्कोपखाली बघायचं, पुसायचं, परत बघायचं, मगच टोपी लावायची. हे काम वैशालीचं. तिथल्याच चाळीत राहणारी, आयटीआय झालेली. मला हे काम तिनंच शिकवलं.

संस्थेच्या मॅडम एकदा तासभर तिच्या मागे उभ्या राहून बघत होत्या. जाताना म्हणाल्या, बोर्ड बसवायला तिकडे एक टेक्निशियन न्यायचा आहे, हिलाच नेऊ. वैशालीनं पासपोर्ट काढला. डब्याच्या पिशवीतून आणून सगळ्यांना दाखवला. बाकीच्या बायका चिडवायच्या, "हितला कचरा कमी पडला व्हय गं, फॉरेनचा पुसाया चालली?" ती हसायची. मीही हसायचो – पण माझ्या पोटात काय होतं, ते तेव्हा मला तरी कुठे नीट कळलं होतं?

एके दुपारी लाइट गेली. वैशालीनं सहा बोर्ड तपासून, कार्डावर सही करून माझ्याकडे दिले होते आणि ती जेवायला घरी गेली होती. टेस्टसाठी मी टोप्या काढून ठेवलेल्या. एसी बंद, खोलीची भट्टी झाली. आणि मी मागचं दार उघडलं. खालचे लूमही बंद आहेत, तूस कुठून येणार, असं मनाशी म्हणालो. पण खाली कामगार रिकाम्या वेळात लूम झाडत होते. मला झाडूचा आवाज येत होता. वाऱ्याची झुळूक बरी वाटली, म्हणून दार तसंच राहू दिलं. लाइट आल्यावर टेस्ट उरकली आणि न बघता टोप्या लावल्या. कार्डावर तपासणीची शेवटची सही तिचीच राहिली.

महिन्याभरानं मॅडम आल्या. सहा बोर्डांचे सिग्नल कमजोर, आत कापसाचे तंतू. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. वैशालीनं ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मी बघितलं तवा साफ होतं. दादा, तुमच्याकडंच दिलते ना मी?"

"माझ्या लक्षात न्हाय," मी म्हणालो.

एवढंच. तीन शब्द. तुम्हाला वाटेल नोकरीची भीती असेल. कसली भीती? गाळा चुलत्यांचा, मला कोण काढणार होतं? फार तर मॅडम चार माणसांत बोलल्या असत्या. भीती नव्हती हो. तिचं नाव कटलं तर पुढचं नाव माझं, हे मला त्या क्षणी माहीत होतं. ते शब्द तोंडातून निघायच्या आधी माहीत होतं.

तिला पॅकिंगला टाकलं. दोन महिन्यांत तिनं काम सोडलं. मी विमानात बसलो. जमिनीखाली उतरून बोर्ड बसवले – बघून, पुसून, परत बघून. तिथल्या एका इंजिनिअर बाईंनी विचारलं, इतकं नेटकं काम कुठे शिकलात? मी म्हणालो, अनुभवानं. परत आल्यावर राहनाळला आमच्या गावानं सत्कार केला. शाल घेतली मी.

गेल्या महिन्यात दापोड्याला एका गोडाऊनच्या गेटवर ती दिसली. गळ्यात ओळखपत्र, शिफ्टला निघालेली. मला वाटलं तोंड फिरवेल. तिनं विचारलं, "दादा, कसं हाय वो तिकडं?" आणि मी काय करावं? सांगत सुटलो. ती लिफ्ट, तो बोगदा, ती थंडी. मोबाईलवर फोटोही दाखवले.

एका फोटोवर ती थांबली. दोन बोटांनी मोठा करून कनेक्टर बघितले, एकेक करून, शेवटपर्यंत.

"बराबर बसलेत," म्हणाली. मोबाईल परत दिला आणि आत गेली.