अकरा महिने माळ्यावरचं खापर

"उंदीरनं बीळ शे हाई, चूल नही!" आक्काबाईंनी खापर दाणकन जमिनीवर ठेवलं. फुटलं नाही, हे त्या खापराचं नशीब.

"आत्या, जरा धीर धरा. नीट तापलं नसेल," यशोदाबाई सासूला म्हणाली.

"घटका झाली तापाडी! मधमां जळनं, काठले कच्चं. असा मांडा मन्या पोरीस्ले वाढू?"

तेवढ्यात शेजारची मंजुळाबाई कमरेवर स्वतःचं खापर घेऊन दारात उभी राहिली. "आम्ही तर जुनी चूल बी फोडी टाकी, तुन्हा सांगावरथीन. आते काय, नळीवर शेकू मांडा?"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सहा दिवसांवर आली होती. गावातल्या लेकी माहेरी यायच्या, झोके बांधले जायचे, आणि घरोघर पालथ्या खापरावर परातीएवढे पुरणाचे मांडे व्हायचे. खापर म्हणजे मोठं, गोल बुडाचं मातीचं भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि हातावर फिरवून फिरवून पातळ केलेला मांडा त्याच्या पाठीवर टाकायचा. त्याला खालून सगळीकडे सारखा जाळ लागतो.

आणि गेल्या आखाजीनंतर गावातल्या एकेचाळीस घरांत यशोदाबाईने, महिला मंडळातल्या चौघींना हाताशी धरून, नळीतून धूर छपराबाहेर काढणाऱ्या निर्धूर चुली घातल्या होत्या.

तिचा स्वभाव मुळातच खोदून विचारण्याचा. शिरपूरकडच्या माहेरी ती लहानपणी पाणी चढवायच्या पंपापाशी तासन् तास बसून राही. पाणी खालून वर कसं येतं, हे कळल्याशिवाय जेवायला उठत नसे. सातवीनंतर शाळा सुटली, पण 'असं का?' काही सुटलं नाही. सासरी अमळनेरजवळच्या या गावात आल्यावर तिला रोज दिसायचे ते सासूचे लाल डोळे आणि काळं पडलेलं छप्पर. सत्त्याऐंशी साली तालुक्याला निर्धूर चुलीचं शिबिर निघालं, तेव्हा महिला मंडळातून पहिलं नाव तिने दिलं. दहा दिवस तिथल्या तरुण मास्तरांना तिने सळो की पळो करून सोडलं. नळी छपराच्या वर का न्यायची? दुसरं भांडं ठेवलं नाही तर धूर उलटा का येतो? शेवटी तिने विचारलं, "सर, तुम्ही कधी भाकरी थापली का हो?" सगळ्या बाया हसल्या आणि मास्तरही हसले.

खापराचं मात्र तिने विचारलं नाही. कसं विचारणार? खापर वर्षातले अकरा महिने माळ्यावर पालथं पडलेलं असतं. आणि ते खाली उतरतं त्या आठवड्यात यशोदाबाई स्वतः माहेरी गेलेली असते. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण या घरात आखाजीचा मांडा होताना तिने एकदाही पाहिला नव्हता. माहेरी झोक्यावरून उतरली की मांडा आयता ताटात. मंडळातल्या पाचही बायांचं तेच. चुली घालणाऱ्या सगळ्या सुना, आणि मांडे करणाऱ्या सगळ्या सासवा.

नवरा रुपचंद कापसाच्या जिनात फिटर होता. तो जेवायला आला तेव्हा दोघी तोंडं फिरवून बसलेल्या. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "अंगणात तीन विटा मांडा. मिटलं."

"मिटलं कसं?" यशोदाबाई म्हणाली. "आखाजीला विटा अंगणात. नंतर ऊन लागतं म्हणून ओसरीत. पावसाळ्यात स्वयंपाकघरात. मग नळी कशाला? तिला पोपटाचा पिंजरा टांगा."

"मंग मांडा आभायमा शेक," आक्काबाई भिंतीकडे तोंड करून बोलल्या.

यशोदाबाई उठली. तिने खापर पुन्हा चुलीवर पालथं घातलं, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारल्या आणि खापराच्या पाठीवर ज्वारीचं पीठ भुरभुरलं.

"हाई काय करस?"

"विचारते त्याला, कुठं कुठं तापतंय ते."

थोड्या वेळाने पीठ मधोमध, वाटीएवढ्या जागेत, तपकिरी झालं. बाकीचं पांढरंच. आक्काबाई न राहवून जवळ आल्या. चुलीचं भोक तपेलीच्या मापाचं. तेवढ्यातून येणारा जाळ खापराच्या मध्यावर लागत होता, आणि बाकीचा आतून नळीकडे पळत होता.

"जाळ पळी जास," आक्काबाई म्हणाल्या. "त्याले अडाव."

यशोदाबाईने सासूकडे पाहिलं. हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. तिने चूल विझवली, निवू दिली, आणि स्वतःच्या हाताने घातलेल्या चुलीचं भोक कोयत्याने तासायला घेतलं. भोक वरून रुंद, आत उतरतं, उथळ परातीसारखं केलं. रुपचंदला पत्र्याचा तुकडा आणायला पिटाळलं आणि नळीकडे जाणाऱ्या वाटेत तो अर्धा आडवा बसवला. रोजच्या तपेलीसाठी मातीचं एक कडं वळून उन्हात ठेवलं. ते भोकावर बसवलं की चूल पुन्हा पहिल्यासारखी.

दिवस कलता कलता पुन्हा पीठ भुरभुरलं. तिघंही वाकून पाहत होती. तपकिरी रंग मधून निघाला आणि हळूहळू काठापर्यंत गेला. एका कडेला थोडं पांढरं राहिलं. पत्र्यामुळे चुलीच्या तोंडातून थोडा धूरही आला.

"धूर शे," आक्काबाई म्हणाल्या.

"आहे. मांड्यापुरता. नंतर पत्रा काढायचा."

आक्काबाईंनी आपल्या हाताने एक मांडा टाकला. पुरण नव्हतं, नुसतीच कणीक. उलटला, काठ चिमटीत धरून पाहिला, मोडून अर्धा सुनेच्या हातावर ठेवला.

दारात मंजुळाबाई पुन्हा खापर घेऊन उभी राहिली. "मन्ही कधी करशी? आनि पाटलास्नी? त्यास्ना घर तर पाच पोरी येतीन."

कड्याची ओली माती वाळायलाच दोन दिवस हवेत, यशोदाबाईने मनात हिशेब केला. मंडळातल्या बाकी चौघी उद्या-परवा आपापल्या माहेरच्या बसमध्ये बसणार. आणि परवा सकाळी तिचा भाऊ वना तिला न्यायला येणार होता. आईने तिच्यासाठी झोका बांधूनही ठेवला असेल.

रुपचंदने ट्रंकेकडे बोट दाखवलं. "लुगडी भरली का? वना सकाळीच येईल."

यशोदाबाईने हाताची माती पदराला पुसली.

"वना आला की त्याला जेवू घाला आणि परत पाठवा," ती म्हणाली. "मी या आखाजीला माहेरी जात नाही. उद्यापासून चाळीस चुली फोडायच्या आहेत. आत्या, तुम्ही माझ्याबरोबर यायचं, पीठ घेऊन."